ऑर्विल हरवला तेव्हा

माझ्यासोबत यायला माणूस मिळणार नाही, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. उभी हयात मी केंटकीतल्या बार्ड्सटाउनमध्ये शाळेची बस चालवली. गावातली अर्धी माणसं लहानपणी माझ्या मागच्या बाकांवर बसून एकमेकांच्या केसांना च्युइंगगम चिकटवत होती. त्यामुळे सिॲटलच्या लेकीनं वाढदिवसाला बर्बन व्हिस्कीच्या भट्टीच्या फेरफटक्याची दोन तिकिटं काढून दिली आणि फोनवर म्हणाली, "बाबा, कुणाला तरी घेऊन जा हं," तेव्हा मी चक्क हसलो. म्हटलं, "अगं, कुणाला नेऊ यापेक्षा कुणाला नाराज करू, हा प्रश्न आहे."

बर्नीला फोन केला. त्याचा गुडघा आडवा आला. एल्वुड म्हणाला, "लेस्टर, मी चर्चच्या कमिटीवर आहे. चारचौघांत पिणं मला शोभत नाही. बाटली आणलीस तर मागच्या दारानं ये." न्हाव्याच्या दुकानात सहज विषय काढून पाहिला. सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. माझी बायको डोरिस गेली तेव्हा सुरुवातीला लोक खाण्याची भांडी भरभरून घेऊन यायचे. मग ती भांडी परत न्यायला आले. मग तेही थांबलं.

तर मी एकटाच गेलो. भट्टीच्या दारात माहिती सांगायला नेमकी टॅबिथा उभी. हीच ती पोरगी, पहिलीत असताना रोज बसमध्ये चढताना रडायची. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बसवाले काका, तुम्ही! इथे तर दोन नावं आहेत. दुसरं कोण?"

मागे ओहायोहून आलेली डझनभर मंडळी उभी होती. सगळी जोडीजोडीनं. त्यांच्यासमोर 'कुणी नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडेनात.

"ऑर्विल," मी म्हणालो. "बाथरूमला गेलाय. येईल मागनं."

ऑर्विल नावाचा माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण वाटलं, चालता चालता ती विसरून जाईल.

मक्याचं पीठ आंबवायच्या खोलीत आम्ही शिरलो. घराएवढे उंच लाकडी हौद, वर पिवळा फेस बुडबुडतोय, आणि वास असा की नाकानंच पोट भरावं. टॅबिथानं माणसं मोजली, पुन्हा मोजली.

"काका, ऑर्विलकाका अजून आले नाहीत."

"येईल गं. तू कर सुरू."

"असं कसं? तुम्ही एकाही पोराला मागे सोडून कधी बस हलवली नाहीत. थंडीत माझा बूट सापडेपर्यंत थांबला होतात. मी पण नाही हलवणार."

माझंच चांगलं वागणं माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

बाथरूम तपासायला माणूस गेला. रिकामं. टॅबिथाचा चेहरा उतरला. "त्यांची नजर कशी आहे?"

"बेताची," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"चालताना तोल वगैरे जातो?"

"कधीकधी."

झालं. तिनं हौदांकडे पाहिलं आणि वायरलेस तोंडाला लावला. दोन कामगार लांब दांडे घेऊन आले आणि शिडीवर चढून फेसात खुपसू लागले. ओहायोची एक बाई माझा हात धरून म्हणाली, "धीर धरा. फार जुनी दोस्ती का?"

"तशी नवीनच," मी म्हणालो.

"कपडे कुठले होते?" टॅबिथानं विचारलं. मला तपकिरी जाकीट सुचलं. ते केंटकीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे असतं. तिनं ते वायरलेसवर सगळ्या भट्टीला कळवलं. आता मॅनेजर येणार होता. त्याच्यामागून शेरीफही आला असता. दांडेवाले घामाघूम झालेले. मला राहवेना. टोपी काढून मी म्हणालो, "टॅबिथा, ऐक. ऑर्विल म्हणजे..."

तेवढ्यात दार उघडलं. दुकानातली मुलगी एका म्हाताऱ्याला दंडाला धरून आत घेऊन आली. तपकिरी जाकीट. "सापडले! बाहेर ओसरीवर झुलत्या खुर्चीत एकटेच बसले होते."

म्हाताऱ्यानं सगळ्यांकडे पाहिलं. हौदातल्या दांड्याकडे पाहिलं. शेवटी माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक.

"काय रे," तो मला म्हणाला, "मला सोडून पुढे आलास?"

ओहायोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई तर रडली.

पिंपांच्या कोठारातून जाताना मी हळूच म्हणालो, "उपकार झाले तुझे."

"कसले उपकार? डॉक्टरांनी दारू बंद केलीय. म्हणून त्या ओसरीवर येऊन नुसता वास घेत बसतो. आज पहिल्यांदा कुणी आत बोलावलं."

शेवटी चव घ्यायच्या टेबलावर प्रत्येकासमोर चार-चार पेले मांडले. तो एकेक पेला उचलायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि माझ्याकडे सरकवायचा. "कशी आहे?"

"गुळमट आहे. मागाहून जाळते."

"नीट सांग. घाई नको."

मग मी नीट सांगू लागलो. नीट सांगायचं तर आधी नीट प्यायला हवं. माझे चार संपवले, त्याचे चार संपवले. मध्येच डोरिसबद्दल बोललो. त्याच्या भावाबद्दल तो बोलला. किती महिन्यांनी मी एवढं बोललो असेन, सांगता येत नाही. टेबलं पुसायला लागले तरी आम्ही बसलेलो.

"गाडीला हात लावू नकोस," तो म्हणाला आणि मला आपल्या पिकअपमध्ये घालून घरी सोडलं. दारात दोन्ही हातांनी माझा हात धरला, खरं नाव सांगितलं, यायचा वार सांगितला, आणि म्हणाला, "येतो मग. पत्ते खेळू."

सकाळी उठलो तर डोक्यात सुतारकाम चाललेलं. नाव काही आठवेना. कुठे राहतो तेही नाही. येतो म्हणाला, हे पक्कं आठवतंय. मंगळवारी की गुरुवारी, तेवढं मात्र निसटलं.

म्हणून दोन्ही दिवस मी घरीच थांबतो. तसं बाकीच्या दिवशीही मला कुठे जायचं नसतंच म्हणा.