नाव घातलेली भांडी

अंकिताला घरातलं सामान कमी करायचं होतं, म्हणून तिनं आधी सामान मागवलं. आरपार दिसणारे डबे, भिंतीला टांगायच्या टोपल्या, डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या आणि 'कमी वस्तू, जास्त सुख' असं छापलेली कापडी पिशवी. पिशवी एकीवर एक फुकट होती, त्यामुळे सुख दुप्पट आलं. कुरियरवाला कोरेगावहून इतक्या चकरा मारू लागला की अंकिताच्या सासूनं, मंगलबाईंनी, त्याला एकदा जेवायलाच बसवलं.

एवढ्या सुखाची गरज पडली ती नोकरीपायी. पुण्याच्या कंपनीनं अंकिताला घरून काम करायची परवानगी दिली होती, पण एका अटीवर. स्वतंत्र, मोकळी खोली पाहिजे आणि सोमवारच्या मीटिंगला ती कॅमेऱ्यात दिसली पाहिजे. नाहीतर या पुण्याला. नवरा शिवतेज रोज शिरवळच्या कारखान्यात जाऊन-येऊन करणारा. त्याला सोडून पुण्यात एकटीनं राहायच्या कल्पनेनंच तिला रडू यायचं. घरात मोकळी होण्याजोगी खोली एकच, मधली; मागं होता तो म्हशीचा गोठा. आणि मधल्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत मंगलबाईंची भांडी होती.

"आत्ती, वर्षभरात जे वापरलं नाही ते घराबाहेर. असा नियम आहे."

"कुणाचा?"

"सगळ्या जगाचा."

"जगाकडं पाव्हणं येत न्हाईत वाटतं," मंगलबाई म्हणाल्या.

"बरं, ही परात शेवटची कधी काढली होती?"

"तुझ्या लग्नात."

"मग आता परत कधी लागणार?"

मंगलबाईंनी सुनेच्या पोटाकडं एकवार बघितलं. "ते आता तुमा दोघांच्या हातात हाय," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

सासरे आप्पासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सुनेला जाहीर पाठिंबा दिला. फौजेत माणूस एका ट्रंकेत जिंदगी काढतो, असं ते ज्याला त्याला सांगत. ती ट्रंक अजून त्यांच्या पलंगाखाली होती आणि तिला हात लावायची मात्र कुणाची टाप नव्हती.

अंकितानं भांडी उचलली आणि आळीत घरोघर वाटली. पहिलं पातेलं शेजारच्या राहीबाईंच्या हातात दिलं.

"कवा परत देऊ?" राहीबाईंनी विचारलं.

"परत नको. तुम्हालाच राहू द्या."

"व्हय व्हय," राहीबाई म्हणाल्या. पातेलं उलटं करून त्यांनी बुडावर कोरलेलं वाचलं, 'चि. सौ. कां. मंगल हिस मामांकडून'. मग त्यांनी अंकिताकडं, डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडं बघतात तसं, जरा मायेनं बघितलं.

अंकिता मोबाइलवर जगातलं सगळं शिकली होती, पण एवढं एक तिला कुठल्याही व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. नाव घातलेलं भांडं दुसऱ्याच्या घरी फक्त पाहुणं म्हणून जातं. ते परत येतं, आणि रिकामं येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई हजर. पातेल्यात ओल्या शेंगा. "मोकळं कसं आणू, बरं दिसतंय व्हय?" पाठोपाठ परात आली, घेवडा भरून. घागर आली, काकवी घेऊन. सुभेदारांच्या घरी भांड्यांची आवराआवर चालली आहे हे कळल्यावर आळीला जुनं जुनं आठवायला लागलं. कुणाच्या तरी बारशाला नेलेली पितळी, कुठल्याशा जत्रेला नेलेला डबा, अशी कधी हरवली हे मंगलबाईंनाही ठाऊक नसलेली भांडी माफी मागत आणि तोंडापर्यंत भरून घरी आली. शेंगा, घेवडा, चटणी ठेवायला जागा पाहिजेच. अंकिताच्या आरपार डब्यांना अखेर काम मिळालं. तेही भरले तेव्हा तिनं आणखी मागवले.

"खोली मोकळी व्हतीया न्हवं?" मंगलबाई अगदी सहज विचारत.

भांडी घराबाहेर काढली म्हटल्यावर गावानं त्याचा एकच अर्थ लावला. राहीबाईंनी मंगलबाईंना गाठून हळूच विचारलं, "पोरगं येगळं निघतंय व्हय गं?" मंगलबाई नाही म्हणेपर्यंत बातमी विट्याला, अंकिताच्या माहेरी पोचलीसुद्धा.

शनिवारी दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून अंकिताचे वडील, अर्जुना, उतरले. तोंड उतरलेलं.

"आवं पाव्हणं, आमच्या पोरीचं काय चुकलं?"

"काय न्हाई बा. कोण म्हणलं?" आप्पासो गडबडले.

"मग चूल येगळी कशापायी करताय? ऱ्हाऊ द्या, न्हाई इच्यारत. पण आमची लेक मोकळ्या हातानं न्हाई निघायची." आणि त्यांनी टेम्पोचं फळकं पाडलं. पातेली, ताटं, डबे, पराती, हंडा, घागर, सगळा नवाकोरा संसार.

चूल एकच आहे, भांडी फक्त खोलीपायी काढली, हे समजावण्यात दोन वेळचा चहा गेला. समजलं तेव्हा अर्जुना खूप हसले, डोळे पुसले. पण टेम्पो केव्हाच डाळिंबं भरायला निघून गेला होता.

"मग हे सगळं माघारी कसं न्यायचं, दादा?" अंकितानं धास्तावून वडिलांना विचारलं.

"लेकीला दिल्यालं कुणी माघारी न्हेतंय व्हय?" दादा जेवून, सोबत मंगलबाईंच्या दोन भरल्या डब्यांसह, एसटीनं गेले.

रविवारी मधल्या खोलीचं दार उघडेना. मंगलबाईंनी नवी घागर पुढं केली. "ही देऊ का राहीबाईला? वर्षभरात वापरली न्हाई म्हणतेस तू."

अंकितानं घागर हातात घेतली. काठावर कोरलं होतं, 'चि. अंकिता हिस आई-दादांकडून'. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"ऱ्हाऊ दे आत्ती," ती म्हणाली. "नाव हाय माझं."

मंगलबाई हसल्या, आणि तेही तोंड फिरवून.

सोमवारी मीटिंग झाली. साहेब खूश झाले. "मागं एकही फालतू वस्तू नाही. नुसती सारवलेली भिंत आणि एक घागर. कसं जमवलंत हे?"

"सोडायला शिकावं लागतं, सर," अंकिता म्हणाली.

पुण्याला जायचं टळलं. मधल्या खोलीतलं एक भांडं हललं नाही, पलंगाखालची ट्रंक हलली नाही, कापडी पिशव्यासुद्धा खुंटीला तशाच राहिल्या. घरदार सोडलं ते एकट्या म्हशीनं. ती गोठ्याबाहेर उन्हात उभी राहून मीटिंग संपायची वाट बघत होती. बिचारीवर कुणी नाव घातलेलं नव्हतं.