सावंतकाकांचं तेवढंच इंग्रजी

आमच्या शेजारचे सावंतकाका मेथीची जुडी आणायला निघाले तरी जिन्यातून जाहीर करतात, "कम हेल ऑर हाय वॉटर, मेथी आणणार!"

डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत ते तीस वर्षं पंप चालवायचे. तिथल्या मॅनेजरच्या तोंडून हे एवढं इंग्रजी त्यांनी उचललं. बाकीच्या इंग्रजीच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही इंग्रजी घेऊन. न राहवून एकदा समजावायला गेलो.

"काका, याचा अर्थ आग लागो, पूर येवो, मी करणारच. हे मोठ्या कामाला वापरायचं. मेथीला नाही."

"अरे, जादाचा पंपसुद्धा रोज पाच मिनिटं चालवावा लागतो. नाहीतर गरजेच्या दिवशी जाम होतो. कळलं का, बी.ए.?"

हे आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

मग काकू घरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी जिना उतरायला परवानगी दिली, पण काकूंची भीती जाईना. चार महिने त्यांनी रस्ता पाहिला नव्हता. शेवटी काकांनी अख्ख्या बिल्डिंगला ऐकवलं, "कम हेल ऑर हाय वॉटर, रविवारी हिला गेटपर्यंत नेणार!"

रविवारी काकू ठेवणीतली साडी नेसून निघाल्या. एक हात कठड्यावर, एक काकांच्या खांद्यावर. मी पुढे, उलटा उतरत. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. दोन्ही हातांनी कठडा धरला.

"नाही हो जमायचं मला." त्यांचे डोळे भरले.

"काकू, आता थोडंच तर..." मी म्हणालो.

काकांनी डोळे वटारून मला गप्प केलं. "खुर्ची आण कुणाकडून तरी," म्हणाले. काकूंना खुर्चीत नीट बसवलं आणि स्वतः शेजारच्या पायरीवर टेकले.

"जरा थांब गं. मलाच धाप लागली."

दिवसातून चार वेळा हाच जिना चढणारा माणूस!

"बघा! आणि म्हणे मला नेणार," काकू म्हणाल्या. आवाज जरा सावरला होता. त्यांनी पदरानं काकांचं कपाळ पुसलं.

घामाचा थेंबही नव्हता. काका डोळे मिटून पुसून घेत होते.