दूधघंटीचं पेटंट

लावलेला शोध बायकोला सांगायचा नाही, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

शोध म्हणजे दूधघंटी. पातेल्याच्या काठाला अडकवायचा चिमटा आणि त्यावर सायकलची जुनी घंटी. दूध वर आलं की आतलं बूच उचललं जातं आणि घंटी वाजते. (ऑफिसात माझ्या कल्पनांना आजवर कुणी चहासुद्धा पाजलेला नाही, त्यामुळे ही जिवापाड जपायची होती.) पेटंटचं काम बघणाऱ्या वकिलांनी बजावलं होतं, "अर्ज दाखल होईपर्यंत तोंडाला कुलूप. गोष्ट आधीच चार लोकांत गेली, तर ती नवी राहत नाही." आणि बायकोला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तिच्या भावाला कळते. या मेहुण्याचा भांड्यांचा कारखाना आहे.

म्हणून ती बाहेर गेली की मी चोरून प्रयोग करायचो. घंटी वाजायची, पण बहुतेक वेळा दूध उतू गेल्यावर. ती घरी येऊन ओट्याकडे बघायची. "आजही?" मी मान खाली घालायचो.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी बाथरूममधून बाहेर येतोय, तर ती फोनवर भावाला सांगत होती, "अरे, दुधाचं ना? ते तर यांचं पेटंट आहे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. घंटी खिशात कोंबली आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून (हे कारखान्यात कळलं) मी मेहुण्याकडे धावलो.

"तुझी ताई दुधाबद्दल काय बोलली?"

"कुठल्या दुधाबद्दल?"

"उगाच वेड पांघरू नकोस. पेटंटचं बोलली की नाही?"

"हां, ते बोलली ना."

मी मटकन स्टुलावर बसलो. खिशात टिर्रिंग झालं.

"भाऊजी, काय वाजलं?"

"फोन. नक्की काय बोलली ते सांग."

तो चुळबुळला. "रागावू नका. म्हणाली, हल्ली रोज दूध उतू जातंय. गॅसवर ठेवून विसरायचं, हे यांचं पेटंट आहे."

इतका सुखाचा अपमान माझा कधी झाला नव्हता. जीव भांड्यात पडला (तिथे भांड्यांना तोटा नव्हता). मी मेहुण्याला कडकडून मिठी मारली. तो घाबरला.

दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल झाला. "आता खुशाल सांगा," वकील म्हणाले. मी जवळजवळ पळतच घरी आलो, दूध गॅसवर ठेवलं, बायकोला समोर उभं केलं आणि घंटी हातात घेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. वकील, गुपित, फोन, चपला. चपलांपाशी ती हसत सुटली. मला इतकं हलकं वाटत होतं की मी घंटी वाजवूनही दाखवली.

तेवढ्यात फस्स आवाज आला. घंटी अजून माझ्या हातातच होती.

बायकोने गॅस बंद केला आणि ओट्याचं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं.

"अहो, हे पेटंट तर आधीच तुमच्या नावावर होतं. पुन्हा अर्ज कशाला केलात?"