हिराजीकाकांची घरगाडी

दर रविवारी सकाळी हिराजीकाका आपल्या टेम्पोतल्या संडासात जाऊन बसतात आणि मी बाहेरून टेम्पो हलवतो. गैरसमज नको. काका पूर्ण कपड्यांत, हातात पाण्याने भरलेला डबा घेऊन बसलेले असतात. पाणी सांडतं का, दार आपोआप उघडतं का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

"जोरात हलव रं! रस्त्याचा खड्डा इतका गरीब नसतो!"

मी मानकोलीच्या गोदामात आठवडाभर ड्युटी करतो. रविवारी माणसाने झोपावं, अशी माझी श्रद्धा आहे. पण काका शेजारी, वर वयाने मोठे. मी डोळे चोळत धक्के मारतो.

कामतघरच्या लूमवरचे कापडाचे तागे वाहून हा टेम्पो म्हातारा झाला. धंदा मुलांकडे गेल्यावर काकांनी त्याची घरगाडी करायला घेतली. उन्हाळ्यात फिरायला जायचं. कुठे? एका रविवारी काश्मीर, दुसऱ्या रविवारी राजस्थान.

"काका, उन्हाळ्यात राजस्थान?"

"मंग थंडीत जाऊन ऊन कुठला बघू?"

मी धक्का मारला.

गंमत म्हणजे गाडीत बिछाना नाही, पंखा नाही, खिडकीला पडदा नाही. संडास मात्र राजेशाही! टाइल्स लागल्या, धरायला दांडा लागला, बैठक दोनदा उंच झाली. गल्लीने एसीचा सल्ला दिला, तर काकांचं ठरलेलं उत्तर, "आधी सोय, मंग शोभा." लग्नघरीसुद्धा हा माणूस आधी संडास बघून येतो, मग नवरदेव.

फक्त "काकी येणार ना?" असं विचारलं की काका दांड्याचे स्क्रू पिळायला आत शिरत. यमुनाकाकी कित्येक वर्षांत गल्लीबाहेर पडल्या नव्हत्या. ना कुणाच्या हळदीला, ना बारशाला. शेठाणीला आता आपण कुठले दिसणार, असं गल्ली म्हणायची.

गेल्या रविवारी काकी खाली आल्या. संडासात शिरल्या, कडी लावली, दांडा धरून पाहिला. मी हलक्या हाताने गाडी हलवली. बाहेर येऊन त्यांनी काकांना हळूच विचारलं, "जाममधी पन चालल?"

"दिवसभर अरकलो तरी चालल."

काकी घरात गेल्या. काका पायरीवर बसले.

"येल का रं ती?" काश्मीर-राजस्थान गाजवणारा माणूस हे मला विचारत होता. "तिला शुगर हाय. थांबवत न्हाय. एकदा माहेरवरनं येताना जाम लागला, भरल्या रिक्षात... तवापासून बाहेर न्हाय. दिघाशीला तिची आय खाटेवर परलीय. लेक कवा येल, रोज इचारते."

"मग काश्मीर कशाला सांगत होता?"

"दिघाशीला जायाला संडास कशाला, असा गल्लीनं इचारला असता. तिला मान वर करता आली नसती."

दिघाशी इथून फार लांब नाही. मला त्या माणसाची एकदम माया आली, आणि मी उगाच टायर तपासू लागलो.

काकी आल्या त्या नवं लुगडं नेसून. हातात आईसाठी केळ्यांची पिशवी. काकांनी हात दिला, त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "काकी, निघाल्या का काश्मीरला?"

काकींनी पदर सारखा केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लय लांब हाय."