रिकाम्या रकान्यांचे एकसमान धोरण

मांजरीने सुकटीच्या डब्याचं झाकण पाडलं आणि दुपारची शांतता मोडली. क्रांतीचा हात कीबोर्डवरून उठून आधी ठमीच्या पाठीवर गेला. चार वर्षांची तिची लेक कुशीवर वळली, ओठांनी काहीतरी चोखल्यासारखं केलं आणि पुन्हा झोपली. क्रांतीने हुश्श केलं. कागदोपत्री ही वेळ कार्यालयीन होती. प्रत्यक्षात ती ठमीच्या झोपेएवढीच लांब होती.

मुरुडजवळच्या त्या कोळीवाड्यातल्या घरोघरची माहिती संगणकात भरायचं कंत्राटी काम क्रांतीकडे होतं. अलिबागच्या किनारी कुटुंब माहिती कक्षाने त्यासाठी 'परिपूर्ण' नावाची प्रणाली घेतली होती. परिपूर्णला सगळं चालायचं, फक्त रिकामा रकाना चालत नसे. रिकामं दिसलं की ती लाल व्हायची आणि आपलं आपणच भरून मोकळी व्हायची. आकड्याच्या जागी शून्य, नावाच्या जागी 'लागू नाही', तारखेच्या जागी १ जानेवारी १९००, आणि होय-नाहीच्या जागी 'नाही'.

आणि वाड्यात रिकामं पुष्कळ निघालं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, त्यामुळे 'पती किंवा कुटुंबप्रमुख' हा रकाना कोरा. शिवाय सर्वेक्षक आला तेव्हा पोरांच्या आया मासळी घेऊन बाजारात, घरी नुसत्या आज्या. नातवाचा जन्म विचारला तर म्हणाल्या, "वादळात शाळंचे पत्रे उडाले ना, त्याच्या मागं-म्होरं." वादळ काही तारखेच्या रकान्यात मावेना.

खातरजमेसाठी भरलेल्या माहितीच्या छापील चिठ्ठ्या घरोघर गेल्या आणि शेजारच्या नीराबाई दारात उभ्या राहिल्या.

"आगो क्रांती, म्हातारा उंबऱ्यात बसून जाळं शिवतोय, नि तुझ्या मशिनीला तो लागू न्हाय?"

"काकी, तुम्ही नाव सांगितलं नाहीत ना."

"सांगायचं काय त्यात? आख्ख्या वाड्याला ठावं हाय!"

"मलाही ठाऊक आहे. भागोजीकाका. पण मला भरता येत नाही."

खरंच येत नव्हतं. भरणाऱ्याचे स्थानिक ज्ञान हा माहितीचा स्रोत समजला जाणार नाही, असा स्पष्ट नियम होता.

"आनि ह्ये काय? जल्म एकोणीसशे, वय शून्य?"

"वाढायचं राहिलं तुमचं, काकी."

क्रांतीने कक्षाला कळवलं. समन्वयक विपुल सरांनी तक्रारीची गंभीर दखल घेतली, आणि तिथेच घोळ झाला. परिपत्रक आलं: 'आकडा, अक्षर, तारीख व होय-नाही या प्रकारांच्या रिकामेपणास भिन्न वागणूक मिळत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, यापुढे प्रकार कोणताही असो, रिकाम्या रकान्यात त्या रकान्यातील सर्वाधिक वेळा आलेली नोंद भरण्यात यावी.'

समानता आली. मच्छीमार सोसायटीचा सचिव दयाराम याचा फॉर्म रेंज नसल्यामुळे तीनदा अपलोड झाला होता. बाकी कुणाचंच काही कुणाशी जुळत नव्हतं, त्यामुळे बहुमत दयारामचं. एका रात्रीत वाड्यातल्या साऱ्या जुन्या बायकांचा नवरा दयाराम झाला. दयारामची खरी बायको कोयता घेऊन सोसायटीत गेली. भागोजीने जाळ्यातून मान वर करून एवढंच विचारलं, "म्हंजे मी आता मोकळा काय?"

इथवर वाडा हसत होता. पण जन्मतारखेलाही तेच धोरण लागलं, आणि वाड्यातली पोरं दयारामच्याच दिवशी, दयारामच्याच साली जन्मली. पाठोपाठ पत्र आलं: 'सदर वाडीत सहा वर्षांखालील एकच बालक आढळते. उर्वरित बालके एक्केचाळीस वर्षांची आहेत. सबब, अंगणवाडी बंद करून सदर बालकास खाडीपलीकडे दिघीस वर्ग करावे. फेरीबोटीचे वेळापत्रक सोबत जोडले आहे.'

सदर बालक म्हणजे ठमी. तिची तारीख तिच्या आईने स्वतः सांगितली होती. शेंबूड पुसायला अजून आईचा पदर शोधणारी पोर, आणि तिच्या हातात वेळापत्रक! क्रांतीने फोन लावला.

"सर, ती मुलं एक्केचाळीसची नाहीत हो."

"मग कितीची आहेत?"

"आयांना विचारून सांगते."

"मुदत संपली, मॅडम. आता विचारता येत नाही. फक्त भरता येतं."

"मग रिकामं ठेवू या ना. शून्य वेगळं, नाही वेगळं, आणि अजून कळलेलं नाही हे वेगळं."

"पहिल्या दोन्हींना मंजुरी आहे. तिसऱ्याला नाही. रिकामं दिसलं तर वर वाटेल, आपल्याला माहीत नाही."

"पण आपल्याला माहीत नाहीच."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग सर हलक्या आवाजात म्हणाले, "हे तुम्ही बोललात, मी ऐकलं नाही. एक करा. ज्या ओळीत एक जरी रकाना रिकामा असेल, ती अख्खी ओळच काढून टाका. सर्वांना समान न्याय."

क्रांतीने करून पाहिलं. वाड्यात तीन दयाराम आणि ठमी एवढेच उरले.

तिने ओळी परत आणल्या. स्थानिक ज्ञान वर्ज्य होतं. स्थानिक कल्पनाशक्तीबद्दल परिपत्रकात अक्षरही नव्हतं. ज्या ज्या पोराची तारीख नव्हती, तिथे तिथे तिने ठमीची ठेवून दिली: बारा फेब्रुवारी, सालासकट. परिपूर्णने एकही प्रश्न विचारला नाही. खोट्याचं तिला वावडं नव्हतंच. पडदा कसा हिरवागार झाला!

अंगणवाडी वाचली. कक्षाने 'माहितीची गुणवत्ता शंभर टक्के' म्हणून अभिनंदन केलं आणि आदर्श वाडीतल्या बालकांचा वाढदिवस सामूहिक साजरा करण्याचे आदेश दिले. बारा फेब्रुवारीला अंगणवाडीत शिरा झाला, सगळ्यांच्या डोक्याला कागदी मुकुट लागले, फोटो वर गेला.

परतताना ठमी आईचं बोट धरून चालत होती.

"आई, आज गणराजचापण वाढदिवस?"

"हो."

"आणि छोट्या पूर्वीचापण? ती पण चार वर्षांची?"

"हो गं."

"पूर्वी तर रांगते अजून."

क्रांतीने पावलं भरभर टाकली.

ठमीने मुकुट सारखा केला. "आई, अंगणवाडीत ताई काही विचारतात ना, तेव्हा मला माहीत नसलं तर मी माहीत नाही म्हणते. तुला माहीत नसलं की तू काय म्हणतेस?"