गुडघ्याच्या गोळ्यांचं वाण

मानवतच्या बसस्टँडकडून बाजारात येताना औषधाचं एक दुकान लागतं. तिथं गोळी मागितली की आधी पाणी मिळतं. दुकानदार दिगूकाका काउंटरवरचा स्टीलचा पेला माठातून भरतात, पुढे सरकवतात आणि म्हणतात, "आधी पाणी प्या, मग बोला." आपण वरून पाणी पीत असतो तोवर ते आपल्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात. मग साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "लघवीला साफ होतीया का?"

या प्रश्नाने भलेभले गारद झालेत. एका घरचा नवा जावई सासऱ्यांना घेऊन डोकेदुखीची गोळी घ्यायला गेला होता. त्यानंतर तो सासुरवाडीला येतो तेव्हा खिशात बामची बाटली घेऊनच येतो.

अंगदुखीची गोळी मागणं तर गुन्हाच. "कुणी सांगितली? आजवर किती खाल्ल्या? बीपीची चालू हाय का? किडनी घालवायचीया का?" एवढं झाल्यावर डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची, तेव्हा कुठे काका कपाटाकडे वळणार. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया रानात जाता जाता किराणा दुकानातून सुटी गोळी घेतात, हे कळल्यावर काका त्या किराणावाल्याशी भांडून आले होते. "गोळी हाय ती, शेंगदाणा न्हाई!" हे त्यांचं वाक्य बाजारात अजून चालतं.

मी शेजारी, त्यात मास्तर, म्हणून थोडं चिडवायचा हक्क आहे. एकदा विचारलं, "काका, पेलाभर पाण्याने किडनी धुऊन निघते का हो?"

"न्हाई रे. पण पाणी पेईस्तोवर माणूस थांबतंय. थांबलं की खरं बोलतंय."

या तपासणीला कंटाळून आमच्या आईने काकांच्या दुकानाची पायरी सोडली. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या मामा परभणीहून पट्ट्याच्या पट्ट्या आणायचा. गुण इतका की आईला वाटलं, हे सुख आपण एकटीनेच का भोगावं? तिच्या भजनी मंडळात एकही गुडघा धड नाही. म्हणून यंदाच्या संक्रांतीला तिने वाण काय लुटलं असेल? गुडघ्याच्या गोळ्या! प्रत्येकीच्या ओटीत एक पट्टी. बायका खूश. प्लॅस्टिकच्या डब्यांना सगळ्याच विटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आई काकांना तिळगूळ द्यायला गेली आणि घाबरी होऊन परत आली. "आरं, भावजींनी मला पाणीच दिलं न्हाई!"

पेला भरण्याआधीच काकांचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं होतं. "वहिनी, चप्पलचा पट्टा ढिला का केलाव? पाय सुजायलेत तुमचे." ती घरी पोचते तोच त्यांचा मला फोन आला आणि दुकान बंद करून ते आमच्यासोबत डॉक्टरकडे आले. रक्ताच्या तपासणीत किडनीचा आकडा, म्हणजे क्रिएटिनिन, वाढलेला निघाला. बीपीच्या औषधावर या गोळ्या रोज पडत होत्या, त्याने किडनीवर ताण आला होता. डॉक्टरांनी गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या. वेळेवर आलात, सुधारणा होईल, असंही सांगितलं.

आईला रडू आलं ते घरी आल्यावर. "माझं एक असूं दे रे, पण त्या बायांना म्याच वाटल्या की!"

मी म्हणालो, परत मागून आण. तर तिने कानावर हात ठेवले. दिलेलं वाण परत मागायचं म्हणजे लय अपशकुन. त्यापुढे किडनीचंसुद्धा काही चालेना.

संध्याकाळी दिगूकाका एक खोकं घेऊन आले. आत कोरे करकरीत स्टीलचे पेले होते. "मागू नका, वहिनी. रथसप्तमीपत्तुर हळदीकुंकू चालतंय न्हवं? हे वाण द्या, अन् ती पट्टी उचलून आणा."

आईने एक पेला उजेडात धरला. "भावजी, ह्याच्यावर तर शकूचं नाव हाय."

शकूकाकू म्हणजे काकांची बायको. किडनीच्या आजाराने गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"तिनं संक्रांतीसाठी नाव घालून आणले होते. लुटायच्या आधीच गेली." काका खोक्याकडे बघत राहिले. "पाठ दुखायची तिची. आपल्याच दुकानातल्या गोळ्या खायची. आता साऱ्या गावाला इचारतो, पण तवा घरात इचारलं न्हाई."

आजवर त्यांना चिडवलेलं सगळं मला आठवलं आणि मी खोकं उचललं.

आई लगेच कामाला लागली. हातात हळदीकुंकवाचं तबक, मागे खोकं धरून मी. एका आजीने पट्टी धान्याच्या कोठीत लपवली होती, तीही आईने गोड बोलून काढली. कहर म्हणजे दर दारात ती पेला देऊन काकांच्याच आवाजात विचारायची, "लघवीला साफ होतीया का?"

रथसप्तमीला आईचा दुसरा रिपोर्ट आला. आकडा बराच उतरला होता, पायाची सूजही ओसरली होती. संध्याकाळी ती पट्ट्यांनी भरलेली पिशवी घेऊन दुकानात गेली आणि काउंटरवरचा पेला तिने वळवला. त्यावरही तेच नाव होतं. पेला सरकवताना काका ते कायम आपल्या बाजूला ठेवायचे आणि पिणाराही तो तसाच उचलायचा, म्हणून आम्हा कुणाला कधी दिसलं नव्हतं. आईने त्या नावावर हळदीकुंकू लावलं.

"शकूचं वाण सगळ्यांना पोचलं, भावजी. एकबी घर राहिलं न्हाई."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईने माठातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी पाणी प्या," ती म्हणाली, "मग बोला."