कपाटातला हात

ग्रंथपालांनी नोकरीत असताना लोकांना ढिगाने पत्रं पाठवली. आपल्याकडील पुस्तक मुदत उलटूनही परत आलेलं नाही, अशा अर्थाची. पहिलं पत्र नम्र असायचं, दुसरं जरा कमी नम्र. बहुतेकांची उत्तरं यायची नाहीत आणि ग्रंथपाल मनातल्या मनात चडफडायचे, की दोन ओळी लिहायला माणसाला असं काय होतं? निवृत्तीनंतर त्यांना स्वतःला एक पत्र आलं, तेव्हा त्यांना कळलं की काय होतं. त्या पत्राला त्यांच्याकडून बरेच दिवस उत्तर गेलंच नाही.

पत्र सुनेचं होतं. सूनबाई नेमबाज. हवेच्या पिस्तुलाने दहा मीटरवरच्या कागदी वर्तुळाचा मध्य टिपणं हा तिचा खेळ. ती सरावाच्या शिबिराला गेली होती आणि तिथल्या प्रशिक्षकांनी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल गोळा करून कुलपात टाकले होते. म्हणून तिने पत्र लिहिलं, आणि तेही नवऱ्याला नाही, सासूला नाही, थेट सासऱ्यांना.

'बाबा, पिस्तुलाची तयार मूठ माझ्या हाताला बसत नाही. अंगठ्याच्या बुडाशी रोज सालटं निघतंय. निवड चाचणी तोंडावर आलीय. आपल्या हाताच्या मापाने घडवलेली लाकडी मूठ असली तर खूप फरक पडतो. तुम्ही लाकडाचं इतकं छान करता, माझ्यासाठी कराल का? काय काय मापं लागतील ते कळवा. सोबत माझ्याकडची जास्तीची जुनी मूठ पाठवतेय. आतल्या खाचा तिच्यावरून घेता येतील.'

'इतकं छान' म्हणजे पुस्तकं उभी राहावीत म्हणून केलेले ठोकळे आणि एक डुगडुगणारं स्टूल. पण ग्रंथपाल आनंदाने लाल झाले. त्यांनी लगेच कागद घेतला आणि मायन्याशीच अडकले. 'प्रिय' लिहिलं, आणि सुनेला प्रिय कसं म्हणायचं म्हणून खोडलं. 'चिरंजीव सौभाग्यवती' लिहिलं, तर ते छापील निमंत्रणासारखं दिसायला लागलं. खरं तर तिला हाक कशी मारायची, हेच इतक्या दिवसांत ठरलं नव्हतं. घरात ते तिच्याशी भिंतीकडे बघून बोलायचे: "चहा झालाय का?" चहा कुणी केला, कुणी द्यायचा, हे भिंतीने समजून घ्यायचं. शेवटी ते पत्र शब्दकोशात गेलं आणि तिथेच राहिलं.

मध्येच सूनबाई दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आली. तिने पत्राचं काही विचारलं नाही, ग्रंथपालांनी काही सांगितलं नाही. बाबांना आवडलेलं दिसत नाही, असं तिला वाटलं. ग्रंथपालांनी मात्र ठरवून टाकलं होतं, की उत्तराऐवजी तयार मूठच पुढ्यात ठेवायची. अडचण एवढीच होती, की मुठीला हाताचं माप हवं. आणि सुनेला 'जरा हात दाखव' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

अडचण स्वयंपाकघराने सोडवली. त्या घरात कणीक मळून झाली की तिचा एक गोळा मुठीत घट्ट आवळून बघायची पद्धत होती. बोटांचे ठसे स्पष्ट उठले की कणीक जमली, मग तो गोळा तसाच वर ठेवायचा आणि ताटली झाकायची. ही बायकोची पद्धत, ती सूनबाईनेही उचलली होती. सकाळी ग्रंथपालांनी बोळातून पाहिलं, सूनबाई कोपरापर्यंत पिठात होती. चोरून बघताना आपण दिसू, या भीतीने ते वर्तमानपत्रामागे जाऊन बसले. दाराची घंटा वाजली, काही बोलणं झालं, भांडी वाजली. थोड्या वेळाने ते आत डोकावले तर स्वयंपाकघर रिकामं. ताटलीखाली कणीक, कणकेवर गोळा, गोळ्यावर चार बोटं आणि अंगठा. ग्रंथपालांनी गोळा रुमालात घेतला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चोरी केली.

"अहो, कणकेवरचा गोळा कुठे गेला?" बायकोने आतून विचारलं.

"कुठला गोळा?"

"वर ठेवलेला. खाल्लात की काय?"

"कच्चा?"

"तुमचा काय भरवसा? वाचता वाचता मागे मेणबत्ती चघळलीत. अर्धी संपल्यावर विचारलंत, आज चीज बेचव का आहे म्हणून."

सूनबाई शिबिराला परत गेली आणि ग्रंथपाल कामाला लागले. वाचनालयाने मोडीत काढलेलं कार्डांचं एक शिसवी कपाट त्यांच्याकडे होतं. त्याचा एक पाय त्यांनी कापला आणि तिथे विश्वकोशाचे खंड लावले. गोळा ओला होता तोवरच दोऱ्याने सगळी मापं घेऊन ठेवली होती. जुन्या मुठीवरून आतल्या खाचा कोरल्या, पटाशीने पोट काढलं, कानशीने खोलगट भाग घासले. गोळा समोर ठेवून ते एकेका बोटाची जागा तासत होते. करंगळीची जागा चमत्कारिक होती. टोकाशी ती बाहेरच्या बाजूला वळत होती. 'बिचारीची करंगळी वाकडी आहे,' ग्रंथपालांच्या मनात आलं, 'आणि कधी एका शब्दाने बोलली नाही.' तेवढी जागा त्यांनी फार मायेने घासली.

दिवसभराचं काम संपलं की गोळा पुस्तकांच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेवला जायचा. तिथे त्याला मुंग्या लागल्या. मुंग्यांची रांग कपाटातून भिंतीवर, भिंतीवरून बायकोच्या उशीपर्यंत पोचली. बायकोने औषध फवारणाऱ्याला बोलावलं. ग्रंथपाल आडवे आले, मुंग्या आपल्या वाटेने जातात म्हणाले, पण माणूस पंप घेऊन आत शिरला होता. पुस्तकं काढता काढता त्याच्या हाताला वाळलेलं, तडकलेलं, बोटांच्या खुणा असलेलं काहीतरी लागलं.

"साहेब, हे काय?"

"ठेवा ते. हळू." ग्रंथपाल घाबरून खरं बोलून गेले. "हात आहे तो."

"हात? कुणाचा?"

"सुनेचा."

औषधवाल्याने तो अलगद जागेवर ठेवला. मग कपाटाचं दार लावलं. मग स्वतःचे हात पँटला पुसले.

"सूनबाई कुठायत?"

"बाहेरगावी," ग्रंथपाल म्हणाले. "पण तिला यातलं काही माहीत नाही हं."

उरलेल्या खोल्या न फवारताच तो निघाला आणि दाराशी बायकोला हळूच म्हणाला, "ताई, साहेबांना जरा जपा. सुनेचा हात कपाटात ठेवलाय म्हणतात. कणकेचा दिसतोय, पण त्यांच्यापुढे बोलू नका. या वयात होतं असं. माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं."

त्या दिवसापासून बायको ग्रंथपालांशी गोड बोलायला लागली. संसाराच्या सुरुवातीनंतर असं घडलं नव्हतं, त्यामुळे ते फार हादरले. "अहो, चष्मा तुमच्या नाकावरच आहे हं," असं ती मृदू आवाजात सांगायची. आधी याच वाक्याला ती डोळे फुटले का हेही जोडायची. संध्याकाळी मुलगा येऊन शेजारी बसला.

"बाबा, आज वार कोणता?"

ग्रंथपालांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं, पण उत्तर येईना. निवृत्त झाल्यापासून सगळे वार सारखेच होते. "बुधवार," ते म्हणाले. मग स्वभावानुसार शंका आली. "की गुरुवार? तुला काय वाटतं?"

मुलाने आईकडे पाहिलं. आईने पदराने डोळे टिपले. मंगळवार होता.

चाचणीच्या आठवड्यात सूनबाई घरी आली. ग्रंथपालांनी कागदात गुंडाळलेली मूठ टेबलावर तिच्या बशीशेजारी ठेवली, "हे आहे," असं भिंतीला सांगितलं आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. बाहेर कागद फाटल्याचा आवाज आला.

"बाबा, फार सुंदर झालीय!" सूनबाई बाहेरून म्हणाली. तिचा आवाज खरोखर भरून आला होता.

पुढच्या खोलीच्या खिडकीपासून मागच्या गॅलरीपर्यंत बरोबर सरावापुरतं अंतर होतं. गॅलरीत लोखंडी पेटी, पेटीवर कागद. सराव चालू असला की स्वयंपाकघराचं दार बंद असायचं आणि बायको आतून ओरडून परवानगी घेतल्याशिवाय बाहेर यायची नाही. ग्रंथपाल कान देऊन बसले. पेटीत छर्रा पडला की टणत्कार होतो, तो त्यांना ओळखीचा होता. आज मधूनच धप्प असा आवाज यायचा. ती भिंत होती. एकदा काच फुटली.

सराव थांबल्यावर त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. बायको वापरलेला कागद हातात घेऊन उभी होती. कागदाचं काळं वर्तुळ कोरं करकरीत होतं. भोकं सगळी कडेला पांगली होती.

"अगं, हे काय? बल्बसुद्धा गेला."

"मूठ नवी आहे ना, आई. बसेल हळूहळू."

"बसेल म्हणजे? तुझी बोटं तर मुठीच्या बाहेर लोंबतायत. काढून टाक, जुनी लाव."

"नको. मी पत्र लिहिलं होतं, त्याला बाबांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं रागावलेत. आणि ते आपले गुपचूप हे करत बसले होते." ती जरा थांबली. "चाचणीला मी हीच लावणार."

"अगं, निवड हुकेल!"

"हुकू दे. पुढच्या वर्षी देईन."

हे सगळं ग्रंथपालांनी दारामागून ऐकलं. आपली कला फसली याचं त्यांना नवल वाटलं नाही, ते त्यांनी पहिल्यापासूनच गृहीत धरलं होतं. पण ही पोर आपलं मन राखायला वर्षभराची मेहनत भिंतीत घालणार होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि या वेळी भिंतीशी बोलून चालणार नव्हतं. ते बाहेर आले.

"तू ती मूठ लावायची नाहीस," ते म्हणाले.

दोघी बघतच राहिल्या. सूनबाईने तर मागे वळून पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून.

"माप चुकलंय. गोळ्यावरून घेतलं होतं. तू सुट्टीवर आली होतीस, कणीक मळलीस, तो गोळा मी चोरला. तुझी करंगळीसुद्धा मी जशी वाकडी होती तशीच..."

"माझी करंगळी?" सूनबाईने हात वर केला. करंगळी सरळसोट होती.

बायकोने तिच्या हातातून पिस्तूल घेतलं आणि मूठ आवळली. चार बोटं चार खाचांत गेली, अंगठा आपल्या जागी टेकला आणि वाकडी करंगळी शिसवी लाकडात जन्मल्यासारखी जाऊन बसली.

"अहो, हा माझा हात आहे," ती म्हणाली. "दाराची घंटा वाजली, हिला मी उघडायला पाठवलं. उरलेली कणीक मी मळली."

ग्रंथपाल खिसे चाचपत चष्मा शोधायला लागले.

"आणि ही करंगळी तुमच्याच पुस्तकांच्या कपाटात चेमटली होती. दार तुम्हीच लावलं होतंत. इतकी वर्षं या हाताचं खाताय, आणि ओळखता आला नाही?" मग तिच्या डोक्यात उजेड पडला. "थांबा. कपाटात सुनेचा हात ठेवला होतात, तो हाच?"

"हाच."

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे तुमचं!" बायकोने मोठा सुस्कारा टाकला आणि लगेच आवाज पूर्वीच्या पट्टीत नेला. "मग इतके दिवस मी गोड बोलले ते सगळं फुकटच गेलं की! आणि चष्मा शोधताय कशाला? नाकावर आहे, डोळे फुटलेत का?"

ग्रंथपालांना फार बरं वाटलं.

"आई, आता धरलंच आहे तर एक मारून बघा ना," सूनबाई हसत म्हणाली. "हात सरळ. श्वास रोखा. आणि हळूच सोडा."

पेटीचा टणत्कार झाला. सूनबाई गॅलरीत जाऊन कागद बघून आली आणि तिने दुसरा छर्रा भरून दिला. तोही काळ्या वर्तुळातच गेला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल टेबलाशी आले, तर शब्दकोशावर कणकेचा ताजा गोळा होता. लांब, सडपातळ बोटांचा. खाली काट्याने टोचून सूनबाईने आपलं नावही घातलं होतं, पुन्हा घोटाळा नको म्हणून. कार्डांच्या कपाटाचा आणखी एक पाय कापला गेला. चाचणीच्या आदल्या दिवशीपर्यंत कानस चालली, पॉलिश तर पंख्याखाली धरून वाळवावं लागलं. सूनबाईची निवड झाली. यादीत तिचं नाव शेवटचं होतं, पण यादीत होतं. ती पुढच्या शिबिराला गेली आणि तिथेही मोबाइल कुलपात गेले.

तेव्हा ग्रंथपालांनी शब्दकोशातून ते पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसले. वर नुसतं तिचं नाव लिहिलं. ते पुरेसं दिसलं.

'तुझं पत्र मिळालं. उत्तराची मुदत उलटून गेली आहे, याची मला जाणीव आहे. मूठ जमेल असं वाटतं. मापं नकोत, कणकेचा गोळा पुरे, फक्त कणीक तू स्वतः मळलेली असावी. तुझ्या सासूने नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं आहे. दुपारी मला पेटीवर कागद बदलावे लागतात. कपाट आता दोन पायांवर आहे. अंगठा कसा आहे ते कळव.'

बायको क्लबात निघाली होती, ती टपालपेटीपर्यंत सोबत आली. ग्रंथपालांनी पाकीट फटीत सरकवलं, पण सोडेनात. 'कळव' जरा अधिकाराने लिहिल्यासारखं झालंय का? 'अंगठा कसा आहे' हे सुनेला विचारावं का? मनगटापर्यंत हात पेटीत घालून ते तसेच उभे राहिले. मागे पार्सल घेऊन आलेला एक माणूस खाकरला.

बायकोने पिस्तुलाची पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"अहो, हात सरळ," ती म्हणाली. "श्वास रोखा. आणि हळूच सोडा."

ग्रंथपालांनी श्वास रोखला आणि मूठ उघडली.